येतो म्हणजे

"मिस्टर सोनटक्के," स्क्रीनवरच्या बाईंनी विचारलं, "येटो म्हणजे काय?"

भास्करला आधी कळलंच नाही की बाई मराठी शब्द बोलल्यात. येटो. टोमॅटो-पोटॅटोच्या घरातला कुठला तरी शब्द वाटला त्याला. मग कळलं. हा शब्द आयुष्यात किती वेळा म्हटला असेल, किती वेळा ऐकला असेल, पण त्याचा अर्थ त्याला कधी कोणी विचारला नव्हता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याला उंची यावी म्हणून खाली बायकोचा, श्यामलाचा पोळपाट उपडा घातलेला. स्क्रीनवर सगळे चौकोन. वरच्या मोठ्या चौकोनात पॅरोल बोर्डाच्या अध्यक्ष बाई, त्यांच्या दोन्ही बाजूंना अंतर सोडून बसलेली, मास्क लावलेली दोन माणसं. एका चौकोनात लिओनी, सरकारी मदतीतून मिळालेली वकील. एकात ट्रिश, सुजितची पॅरोल ऑफिसर, आणि शेजारी तिच्या बाजूचा वकील. एक चौकोन नुसता काळा, त्यावर 'मराठी इंटरप्रिटर' एवढंच लिहिलेलं. आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात लहान चौकोनात, तुरुंगाच्या हिरव्या कपड्यांत, त्याचा मुलगा. मास्क डोळ्यांपर्यंत वर ओढलेला. भास्कर मघापासून त्याच चौकोनाकडे बघत होता, म्हणून प्रश्न आपल्याला आहे हेही त्याला उशिरा समजलं.

ठरलेला पत्ता परवानगीशिवाय सोडून निघाला, असं धरून बोर्डाने सुजितचा पॅरोल, म्हणजे अटींवरची लवकर सुटका, रद्द केला होता आणि आज त्याची फेरसुनावणी होती. रद्द ते रद्दच, असं बोर्ड म्हणालं तर सुजित निदान वर्षभर आत. त्यानंतर पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं. रद्द केलेलं मागे घेतलं, तर तो या आठवड्यातच बाहेर, आणि या वेळी पेंडल हिलला बापाच्या मित्राकडे नाही, इथे वॉलॉंगॉंगला, बापाजवळ. लिओनीने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. "बाकी सगळं मी बघते, मिस्टर सोनटक्के. पण ते एक वाक्य तुमचं आहे. ते तुम्हालाच सोडवावं लागेल." ते वाक्य भास्करने ट्रिशला फोनवर म्हटलं होतं. ही इज कमिंग. तीन शब्द, आणि त्यांवर पोराचं एक वर्ष टांगलेलं.

"येतो म्हणजे," भास्कर इंग्रजीत म्हणाला, "आय कम."

बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. त्यांचं पेन हललेलं पाहून त्याने घाईने हात हलवला.

"नो, नो. म्हणजे, आय गो."

"यायचं की जायचं, मिस्टर सोनटक्के?"

"जायचं. पण म्हणायचं येतो."

डावीकडच्या माणसाच्या भुवया मास्कच्या वर चढल्या. पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात भास्करने आयुष्याचा मोठा भाग क्रेन दुरुस्त करण्यात घालवला होता. तिथे भास्करचा बास झाला होता. बास, मेट, हा ब्रेक बघ. नो वरीज. इंग्रजी त्याला कमी पडलं नव्हतं कधी. पण ते इंग्रजी मोटरचं होतं, दोरखंडाचं होतं, वर घे आणि खाली सोड एवढ्याचं होतं. त्यात हा शब्द बसेना. आमच्यात जातो म्हणत नाहीत, तो म्हणाला. जातो म्हणणं बरं नाही. जाणं म्हणजे ते, दुसरं जाणं. एवढं म्हणून तो थांबला, कारण ते दुसरं जाणं घरातून होऊन फार दिवस झाले नव्हते आणि त्याला त्याचं इंग्रजी करायचं नव्हतं.

कोपऱ्यावरून दूध आणायला निघालेला माणूसही येतो म्हणतो. ज्याला परत कधी यायचंच नाही तोही येतोच म्हणतो. अंबरनाथहून निघताना भास्कर चाळीतल्या दारादारांत येतो, येतो म्हणत फिरला होता आणि सगळे ये, ये म्हणाले होते. येतो म्हटलं की समोरच्याने ये म्हणायचं. तिथे शब्द पुरा होतो. त्याची आई नुसती ये म्हणून थांबली नव्हती, लवकर ये म्हणाली होती. ती गेली तेव्हा त्याला कारखान्यातून सुट्टी मिळाली, तिकीट मिळालं नाही. कोणी म्हटलं असतं का, की भास्कर खोटं बोलला? त्याने येतो म्हटलं होतं, त्यात तारीख नव्हती. बाईंना हे सांगायला हवं होतं. पण बाई आता काळ्या चौकोनाशी बोलत होत्या.

ट्रिशशी ते बोलणं झालं त्या संध्याकाळी भास्कर स्वयंपाकघरात उभा होता आणि उजेड अजून पूर्ण गेला नव्हता. श्यामला जाऊन दोन-अडीच आठवडे झाले असतील. लॉकडाऊनमुळे रस्ता इतका शांत, की पलीकडच्या घरातलं ताट ठेवलेलं ऐकू यायचं. सुजित रोज या वेळी पेंडल हिलहून फोन करायचा. तिथे रामदासच्या किराणा दुकानात तो माल लावायचा आणि रामदासच्याच घरामागच्या खोलीत राहायचा. रामदास भास्करचा अंबरनाथपासूनचा मित्र. पॅरोलला पत्ता लागतो आणि काम लागतं, ती दोन्ही त्याने एका फोनवर दिली होती. "जय भीम, भास्कर. पोराला पाठव. तांदळाची पोती उचलायला मला तरी कोण आहे," एवढंच बोलला होता. त्या दिवशी सुजितने फोन केला, पण दोघांना बोलायला काही सुचेना. श्यामला होती तेव्हा फोन तिच्या हातात असायचा आणि भास्कर मागून ओरडून एखादं वाक्य घालायचा. आता मागून ओरडायचं वाक्य समोरून बोलायचं झालं होतं. "जेवलास का?" "जेवेन." "काय?" "बघतो." मग फोन तुटला, किंवा सुजितने ठेवला, आणि थोड्या वेळाने मेसेज आला. इंग्रजी अक्षरांत दोन शब्द. बाबा येतो.

मध्ये स्वल्पविराम नव्हता. पुढे पोलिसांनी तो मेसेज फोनवरच्या भाषांतराच्या यंत्राला दाखवला तेव्हा यंत्र म्हणालं, फादर कम्स. म्हणजे पहिले दोन दिवस त्यांना वाटत होतं की बापच गाडी घेऊन पोराला पळवायला निघालाय. लिओनीला हे सांगताना हसू आवरेना. भास्करला तेव्हा हसू आलं नव्हतं. तो बिचारा यंत्रासारखाच होता त्या संध्याकाळी. त्याने बाबा येतो वाचलं आणि हात आपोआप तांदळाच्या डब्यात गेला.

नंतर ट्रिशचा फोन. सुजितची शिफ्ट संपलीय, खोलीवर नाहीये, फोन बंद लागतोय, तुम्हाला काही माहिती आहे का? ती चांगली बाई होती. श्यामलाच्या अंत्यविधीला जायची परवानगी तिने अर्ध्या दिवसात काढून दिली होती. पण दुकानात एकाला कोविड निघाला आणि सुजितला खोलीत कोंडून घ्यावं लागलं, त्याला ट्रिश काय करणार. पोराने आईला फोनच्या पडद्यावर पाहिलं. इथे हॉलमध्ये मोजकी माणसं, लांब लांब खुर्च्या. त्रिशरण म्हणताना मास्कमधून सगळ्यांचे आवाज एकसारखे वाटत होते, आणि फोनमधून सुजितचा आवाज अर्धा शब्द मागे येत होता. तो मागे पडलेला आवाज भास्करच्या कानात राहिला. ट्रिशचा फोन आला तेव्हाही तो होता. भास्कर गॅसपाशी उभा राहून म्हणाला, ही मेसेज्ड मी. ही इज कमिंग. आय हॅव पुट राइस.

तासाभरात पोलिसांनी सुजितला पेंडल हिल स्टेशनवरून उचललं. तो फलाटावरच्या बाकावर बसला होता.

"शब्दशः," काळ्या चौकोनातून एका तरुण मुलीचा आवाज आला, "आय कम, किंवा आय ॲम कमिंग. बोलणारा पुरुष आहे." इंटरप्रिटर क्लेटनहून बोलत होती, मेलबर्नमधून. सुरुवातीला शपथ घेताना तिने नाव सांगितलं होतं, मंजिरी काहीतरी. बाईंनी विचारलं, याचा अर्थ निरोप असाही होतो का. ती जरा घुटमळली. मला जे आहे ते सांगण्याचीच परवानगी आहे, मॅडम, ती म्हणाली. शब्दाचा अर्थ कमिंग हाच आहे. वापर कसा होतो ते मी सांगू का? पलीकडून ट्रिशच्या बाजूचा वकील म्हणाला की इंटरप्रिटर ही साक्षीदार नाही. बाई म्हणाल्या बरोबर आहे. मिस्टर सोनटक्केंना इंग्रजी येतं, तेव्हा तुम्हाला आता थांबवून ठेवत नाही, थँक्यू.

"थँक्यू, मॅडम," मुलगी म्हणाली. मग एकदम मराठीत, घरातून निघताना उंबऱ्यावर बोलावं तशी, "बरं काका, येते हं." आणि काळा चौकोन गेला.

"या," भास्कर म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

उरलेले चौकोन सरकून जरा मोठे झाले. बाईंनी चष्मा काढला.

"त्या काय म्हणाल्या, मिस्टर सोनटक्के?"

भास्कर म्हणाला, "शी सेड, ओके अंकल, आय ॲम कमिंग."

"त्या परत येणार आहेत?"

"नो, मॅडम. शी इज गॉन."

आधी डाव्या माणसाच्या डोळ्यांच्या कडा आवळल्या. मग लिओनीने खाली बघत कागद चाळायला घेतले. ट्रिश उघड हसली. आणि कोपऱ्यातल्या चौकोनात सुजितचे खांदे हलले. त्याचा आवाज बंद करून ठेवलेला होता, त्यामुळे हसणं नुसतं दिसलं. किती वर्षांनी दिसलं. त्याने पटकन हात वर नेला आणि मास्क आणखी वर ओढला, लहानपणी वर्गात हसू फुटलं की शर्टाची कॉलर चावायचा तसा. भास्करच्या छातीतलं काहीतरी एक आटा सैल झालं.

पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "शब्दाचं माझ्या लक्षात आलं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही नुसता शब्द सांगितला नाहीत. तुम्ही ऑफिसरना म्हणालात, मी भात लावलाय. तुमचा मुलगा नुसता निरोप घेत होता हे तुम्हाला तुमच्या भाषेत नीट कळत होतं. मग भात कशासाठी?"

याचं उत्तर भास्करने तयार ठेवलं होतं. सकाळच्या फोडणीच्या भातासाठी. साधं उत्तर होतं, कोणालाही पटेल असं. रात्री पडल्या पडल्या त्याने ते इंग्रजीत घोटलं होतं. फॉर मॉर्निंग, मॅडम, लेफ्टओव्हर राइस, वुई फ्राय इट. आता तोंड उघडलं आणि त्याला समोर डबा दिसला, डब्यातली ती वाटी दिसली, काठाला पोचा आलेली. एक वाटी दोघांना, श्यामलाने केव्हातरी सांगून ठेवलं होतं, सुजित आत गेला तेव्हापासून. त्याआधी दीड होती.

"मला एकाचा भात करता येत नाही," तो म्हणाला. "बायकोने दोघांचा शिकवला. अर्धी वाटी घेतली की पाणी चुकतं, खाली लागतो. म्हणून मी रोज दोघांचाच लावतो. उरलेला टाकतो." इथे थांबता आलं असतं. लिओनी मान हलवत होती, इतकं पुरे अशी. पण बाई अजून बघत होत्या, आणि सुजितही बघत होता. "त्या दिवशी मात्र मेसेज वाचला आणि मला वाटलं, येतो. खरंच येतो असं. थोडा वेळ वाटलं. तो निरोप आहे हे मला माहीत होतं, मॅडम, माहीत असूनही वाटलं. तुमच्या ऑफिसरचा फोन तेवढ्यात आला. मी त्यांना त्याचं सांगितलं नाही, माझं सांगितलं. वाट मी बघत होतो. त्याने काही म्हटलं नव्हतं."

मग लिओनी बोलली. स्टेशन त्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. व्यायामासाठी बाहेर पडायची तासाभराची मुभा तेव्हा होती. ट्रेनचं कार्ड कुठल्याही यंत्राला लावलेलं नाही. पिशवी नाही, कपडे नाहीत. दोन गाड्या आल्या आणि गेल्या, तो बसून राहिला. पळून जाणारा माणूस गाड्या जाऊ देत नाही. ट्रिशला विचारलं तेव्हा तीही म्हणाली की त्याच्या वडलांचं वाक्य नसतं तर मी फक्त ताकीद दिली असती. मग बाई म्हणाल्या, आम्ही थोडा वेळ बाहेर जातोय. सरळ जातोय म्हणाल्या, गोइंग आउट, आणि त्यांचा चौकोन निळा झाला.

स्क्रीनवर सुजित आणि तो असे दोघेच उरल्यासारखे झाले. लिओनी फोनवर कोणाशी बोलत होती, ट्रिशने पाठ केली होती. आवाज बंद, त्यामुळे बोलता येत नव्हतं. सुजितने हात जरासा वर केला. भास्करनेही केला. मग दोघं दुसरीकडे बघू लागले.

भास्करची नजर खाली गेली. टेबलाखाली तुकडे होते पोळीचे, एक कांद्याचं साल. श्यामला असती तर म्हणाली असती, सरकार बघतंय आणि खाली हा उकिरडा. तिचा एक नियम होता. घरातून माणूस निघाला की लगेच केर काढायचा नाही. तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत दार उघडं ठेवायचं आणि केरसुणीला हात लावायचा नाही. भास्कर चिडवायचा, "आजोबांनी धम्म घेतला, देव्हारा सोडला, आणि तू एक केरसुणी धरून बसलीस." ती म्हणायची, "असू दे. देव नाही मागत मी, माणूस परत मागते." सुजित त्या रात्री ऑफिसच्या पार्टीला निघाला तेव्हाही ती दारात थांबली होती, तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत. परत येताना त्याने पिऊन गाडी चालवली आणि सायकलवरून घरी चाललेले मिस्टर हॅलोरन गेले. त्यांच्या घरीही कोणी दारात थांबलं असेल. श्यामला त्यांचं नाव कधी चुकली नाही. सुजित आत गेल्यावर एकदा भास्कर म्हणाला, आपलं पोर गेलं गं, तर ती ताडकन म्हणाली, "आपलं आत गेलंय. त्यांचं गेलंय. मिस्टर हॅलोरन म्हण." म्हणून आज सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी त्याने मनात ते नाव घेतलं होतं. काय म्हणून घेतलं ते त्याला नीट सांगता आलं नसतं. माफी कोणाकडे मागायची, आणि आज मागतोय ते कोणत्या तोंडाने, असं काहीतरी.

आणि ती स्वतः. ॲम्ब्युलन्सची माणसं प्लॅस्टिकचे झगे घालून आली होती. एका बाजूने तोंड वाकडं झालेलं, उजवा हात चादरीवर नुसता ठेवल्यासारखा. तिला दारातून नेताना ती म्हणाली, "येते." स्पष्ट म्हणाली. बाकीचे शब्द गेले होते, तो होता. आणि भास्कर तेव्हा आतल्या खोलीत तिचा चष्मा शोधत होता. त्याने आतून ऐकलं. ऐकून त्याने ओरडून काय म्हणावं? "सापडला चष्मा." तो चष्मा घेऊन बाहेर आला तेव्हा दार लागलं होतं. सोबत जायला बंदी, हॉस्पिटलात जायला बंदी. नर्सने टॅबलेटचा पडदा समोर धरला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. ये म्हणायचं राहिलं. ट्रिशच्या फोनच्या गडबडीत सुजितच्या मेसेजलाही ये म्हणायचं राहिलं होतं. शब्द दोन वेळा अर्धा राहिला, आणि ज्यांनी तो म्हटला ती दोघंही आली नव्हती. असं काही नसतं हे भास्करला कळत होतं. क्रेन पडते ती दोर झिजल्याने, शब्दाने नाही. पण ॲम्ब्युलन्स गेल्यावर त्याने कितीतरी दिवस घरात केर काढला नव्हता. बायको हॉस्पिटलात गेल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या डॉटने जेवण आणून दिलं तेव्हा ती त्याच्या पायाखालचा कचरा बघून म्हणाली, "लव, मी व्हॅक्यूम करून देऊ?" तो म्हणाला, नो, नो, माय वाइफ इज कमिंग. तेव्हाही हेच वाक्य.

निळा चौकोन उजळला. बाई आल्या, दोघं माणसं आली. बाईंनी वाचायला सुरुवात केली. वाचणं लांबलचक होतं, कलमं होती. शेवटी एक शब्द आला, रिसिंडेड. भास्करला तो शब्द माहीत नव्हता. इतक्या वर्षांत कारखान्यात काहीही रिसिंडेड झालं नव्हतं. आवाजावरून तर वाईटच वाटला, काहीतरी कापून टाकल्यासारखा. त्याने सुजितकडे पाहिलं. सुजितने दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं. म्हणजे गेलं, भास्करला वाटलं, गेलं वर्ष. त्याचे तळहात टेबलावर चिकटले. मग लिओनीने कॅमेऱ्याच्या अगदी जवळ अंगठा आणला, चौकोनभर नुसता अंगठाच दिसायला लागला, आणि बाई म्हणत होत्या की मिस्टर सोनटक्के, रद्द केलेलं मागे घेतलं आहे, तुमचा मुलगा आता तुमच्या पत्त्यावर राहील. अटी त्याच आहेत. आणि एक सुचवते, यापुढे मेसेज इंग्रजीत करा.

"यस, मॅडम," भास्कर म्हणाला. "थँक्यू, मॅडम. येतो." यावर मात्र त्या हसल्या.

लॅपटॉप मिटल्यावर तो बराच वेळ खुर्चीतून उठला नाही. आनंद असा काही झाला नाही. मोठी क्रेन ओझं खाली टेकवते, तेव्हा दोर आधी नुसता ढिला पडतो, जरासा डुलतो, तसं वाटत होतं. मग भूक लागली. इतकी भूक, की त्याने कालचा, टाकायचा राहिलेला भात डब्यातच दह्यात कालवला आणि उभ्याने खाल्ला, वर लोणचं घेतलं, परत घेतलं. मग सोफ्यावर पडला तो भर दुपारी झोपला. श्यामला गेल्यापासून झोपेत कान उघडे असायचे. त्या दुपारी ते मिटले.

सुजित ट्रेननेच आला. लिओनीने परवानगीची चिठ्ठी दिली होती आणि किनाऱ्याकाठच्या त्या रिकाम्या गाडीत, तो म्हणाला, एका डब्यात तो एकटाच होता. स्टेशनवर भेटल्यावर मिठी मारायची की नाही हे दोघांना ठरवता येईना, मग भास्करने त्याच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी घेतली. घरी आल्यावर सुजित आधी आईच्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत गेला नाही. मग मोरीकडे जाऊन हात धुतले, फार वेळ धुतले.

"भात कितीचा लावलाय?" जेवायला बसताना त्याने विचारलं.

"दोघांचा."

"मग आज टाकायला नको."

जेवताना भास्करने विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. "त्या दिवशी तू खरंच निघाला होतास का रे?"

सुजितने घास केला, पण उचलला नाही. "माहीत नाही, बाबा. आय डोन्ट नो. येतो म्हणून फोन बंद केला आणि चालायला लागलो. पाय स्टेशनवर गेले."

"पण कार्ड लावलं नाहीस."

"कार्ड खोलीवर राहिलं होतं." त्याने वर पाहिलं. "खिसा चाचपला तेव्हा कळलं. आणायला परत जाता आलं असतं. नाही गेलो. बसून राहिलो. गाडी आली, दार उघडलं, मी बघत होतो. दार लागलं. बरं वाटलं. दुसरी आली. लिओनीला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, कार्ड लावलं नाही हे खरं आहे, एवढं पुरे."

भास्करने ताटात वरण वाढलं. जरा जास्तच वाढलं. काहीतरी बारीक टोचत राहिलं, दातात अडकलेल्या धाग्यासारखं, आणि ते तसंच राहू द्यावं असं त्याला वाटलं. दार लागलं आणि बरं वाटलं, असं पोर म्हणालं होतं. तेवढं त्याला पुरत होतं.

सकाळी सुजितला इथल्या पॅरोल ऑफिसात हजेरी द्यायची होती. त्याने भास्करचाच एक शर्ट घातला, तो खांद्यात तंग झाला. दारात बूट घालताना तो घसा साफ करून, बोर्डाच्या बाई बोलल्या होत्या त्या चालीवर इंग्रजीत म्हणाला, "मिस्टर सोनटक्के, मी आता जातो आहे. पायी जातो आहे. ऑफिसात सही करणार आहे आणि दुपारच्या आत याच पत्त्यावर परत येणार आहे. समजलं?"

"आगाऊपणा पुरे," भास्कर म्हणाला. पण त्याला हसू फुटलं. ते बाहेर येताना घशात दुखलं, बरेच दिवस न उघडलेला नळ सोडल्यासारखं आधी नुसतीच खरखर झाली.

"जातो, बाबा," सुजित म्हणाला आणि पायरी उतरला.

"मागे ये."

"काय?"

"मागे ये. नीट म्हण."

सुजित पायरीवर परत चढला. आता तो हसत नव्हता. त्याने बापाकडे पाहिलं, मग बापाच्या मागे, आत, जिथे कोणी नव्हतं तिथे पाहिलं.

"येतो," तो म्हणाला.

"ये," भास्कर म्हणाला. आणि थोडं थांबून, जरा हळू, पुन्हा एकदा म्हणाला, "ये."

सुजित फाटकातून बाहेर पडला. डॉट तिच्या बागेत पाइपने पाणी घालत होती. ती म्हणाली, गुड टु सी यू, लव, आणि त्याने हात वर केला. भास्करने दारामागची केरसुणी काढली, टेबलाखाली बरंच साठलं होतं. काढली आणि तशीच हातात धरून दारात उभा राहिला. पोर पाठमोरं चाललं होतं, तंग शर्टातून खांदे वर काढून, अगदी सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखं. वळण अजून लांब होतं. चहा गॅसवर उकळत असल्याचा वास आला. उकळू दे, म्हणून तो उभाच राहिला.